‘वरून’ नव्हे, खालून

२०२५ ची अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती, शनिवारी. नागपूरभर ढोलताशे वाजत होते, कृत्रिम टाक्यांपाशी गणपती घेऊन आलेल्या लोकांच्या रांगा होत्या. त्याच दिवशी, आपल्याकडे सकाळचे साधारण सव्वाअकरा वाजले असताना, सौदी अरेबियातल्या जेद्दा शहराजवळ तांबड्या समुद्राच्या तळाशी केबल तुटल्या. भारताला युरोपशी जोडणाऱ्या केबल. विसर्जनाच्या गर्दीत इथे कोणाला त्याचा पत्ता लागणार?

पत्ता लागला तो सोमवारी, माझ्या भाच्याला. तो मनीषनगरातल्या आपल्या घरी बसून जर्मनीतल्या एका कारखान्यासाठी यंत्रांची रेखाचित्रं करतो. फाइल तिकडच्या सर्व्हरवर आणि हात इकडे. त्या दिवशी त्याने माउस हलवला की रेष मागाहून सरकायची. मीटिंगमध्ये समोरचा बोलून थांबला असं समजून हा बोलायला लागायचा आणि दोघांची वाक्यं एकमेकांवर आदळायची. दुपारी त्याने इंटरनेटवाल्याला फोन लावला. पलीकडच्या मुलाने नागपुरात हमखास मिळणारं उत्तर दिलं, "दादा, आपल्याकडून ओके आहे. वरूनच बरोबर नाही येऊन राह्यलं."

संध्याकाळी भाचा माझ्याकडे आला. म्हणाला, "मामा, तुम्ही टेलिफोनात होता ना? मग हे ‘वरून’ म्हणजे नेमकं कुठून, ते तरी सांगा."

मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी केबलच्या कामावर. त्याला मी म्हटलं, वर काही नाही रे बाबा. जे आहे ते खाली आहे, समुद्राच्या तळाशी. आणि हा लेख त्या संध्याकाळच्या बोलण्यातूनच निघाला आहे.

आपली भाषाच आपल्याला चकवते. टॉवर उंच, डिश आभाळाकडे तोंड करून, आणि फोटो साठवायचे ते ‘क्लाउड’वर, म्हणजे ढगात. त्यामुळे इंटरनेट आकाशातून येतं, असं शिकलेल्या माणसांनाही मनोमन वाटत असतं. प्रत्यक्षात एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणाऱ्या डेटाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग समुद्राखालच्या केबलमधून जातो. खोल समुद्रात ही केबल बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढीच जाड असते. तिच्या पोटात केसासारख्या काचेच्या तंतूंच्या मोजक्या जोड्या, त्यांच्याभोवती तांब्याची नळी आणि पोलादी तारा. तांब्यातून किनाऱ्यावरून हजारो व्होल्टचा वीजपुरवठा होतो, कारण साधारण दर ६० ते १०० किलोमीटरवर बसवलेल्या रिपीटरांना वीज लागते. प्रकाश काचेतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने धावत असला, तरी वाटेत मंद होत जातो. रिपीटर त्याला पुन्हा जोर देतात. किनारा जवळ आला, जहाजांची वर्दळ आणि मासेमारी सुरू झाली, की केबलवर पोलादी तारांचं चिलखत चढतं आणि ती मनगटाएवढी होते.

एवढंच. याहून भव्य काही नाही. माझ्या भाच्याची जर्मनीतली नोकरी, रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी परदेशातल्या तज्ज्ञाकडे पाठवलेले स्कॅन, मिहानमधल्या कंपन्यांचा रात्रपाळीचा सगळा कारभार, इतवारीतल्या सराफाचं लंडनच्या सोन्याच्या भावावर ठेवलेलं लक्ष, न्यू जर्सीतल्या नातवाचा आजीला येणारा व्हिडिओ कॉल, हे सगळं असल्या पाइपाएवढ्या दोऱ्यांवर लटकलेलं आहे.

या दोऱ्या तुटतात, याची मला तक्रार नाही. केबल आहे म्हणजे ती तुटणारच. जगभर समुद्राखालच्या केबल वर्षाला साधारण १५० ते २०० वेळा तुटतात किंवा बिघडतात, आणि त्यातल्या ७० ते ८० टक्के वेळा कारण असतं मासेमारीची जाळी किंवा जहाजाचा ओढला गेलेला नांगर. माझी तक्रार तुटल्यानंतर काय होतं, याबद्दल आहे.

ती समजण्यासाठी नागपुरातल्याच एका रस्त्यावर यावं लागेल. सिमेंट रोडची कामं आपल्याला नवी नाहीत, आणि जेसीबीच्या दातात केबल सापडणं त्याहून नवं नाही. परवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी रात्री साडेअकराला दोन पोरं खड्ड्यात उतरली होती. एकाने ओटीडीआर, म्हणजे तूट शोधणारं यंत्र, लावून अंतर काढलं: इथून अमुक मीटरवर तुटली आहे. मग केबल सोलली. आत एकेक रंगाचे तंतू, ठरलेल्या क्रमाने: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी… हा क्रम बऱ्याच देशांत हाच. तंतूवरचं आवरण काढायचं, स्पिरिटने पुसायचं, क्लीव्हरने टोक अगदी काटकोनात कापायचं आणि दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. विजेची बारीक ठिणगी उडते, काच वितळते आणि दोन तंतूंचा एक तंतू होतो. वरून स्लीव्ह चढवायची, ती गरम करून आकसवायची. मग पुढचा रंग. मी मोबाइलची बॅटरी धरून उभा होतो. "काका, जरा डावीकडे," एवढंच तो पोरगा मधूनमधून म्हणायचा. अडीच वाजता जॉइंट बॉक्स बंद झाला आणि गल्लीतल्या घराघरांत राउटरचे दिवे हिरवे झाले.

आमच्या काळी काचेच्या तंतूंऐवजी कागदाने गुंडाळलेल्या तांब्याच्या जोड्या असायच्या, वर शिशाचं आवरण. जॉइंटर मॅनहोलमध्ये उतरून शेकडो जोड्या बोटांनी पिळायचा. साधनं बदलली, काम तेच राहिलं. आणखी एक गोष्ट तेव्हा होती, ती मला आजच्या प्रश्नात फार मोलाची वाटते. ग्राहकाने १९८ वर तक्रार नोंदवली की त्याला डॉकेट नंबर मिळायचा. फोन कधी सुधारेल ते सांगता आलं नाही, तरी फॉल्ट कागदावर यायचा. त्याला तारीख असायची, वेळ असायची आणि तो कोणाच्या तरी नावावर असायचा. जोवर तो बंद होत नाही तोवर कोणीतरी उत्तर द्यायला बांधलेला असायचा.

समुद्रातही काम हेच असतं. किनाऱ्यावरून तपासणी करून तूट किती किलोमीटरवर आहे ते काढतात. मग जहाज तिथे जातं, लोखंडी आकडा तळावर फरफटत नेऊन केबल पकडतं आणि वर ओढतं. एक टोक तपासून बोयाला बांधून ठेवायचं, दुसरं शोधायचं, मधे जहाजाच्या टाकीतली जादा केबल घालायची आणि डेकवरच्या खोलीत तंतू एकेक करून जोडायचे. फरक इतकाच की आमच्या गल्लीतल्या पोरांना खड्ड्यापर्यंत यायला मोटारसायकल पुरली. समुद्रातल्या खड्ड्यापर्यंत जायला खास बांधलेलं जहाज लागतं, अशी जहाजं जगात मोजकी आहेत, आणि आपलं त्यांत एकही नाही.

हे मी मनाने सांगत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जून २०२३ मध्ये केंद्र सरकारला समुद्री केबलविषयी सविस्तर शिफारशी दिल्या, त्यांत हेच दुखणं मांडलेलं आहे. दुरुस्तीसाठी आपण परदेशी जहाजांवर अवलंबून आहोत. ते जहाज आधी दुसरीकडच्या कामातून मोकळं व्हायला हवं. मग ते आपल्या हद्दीत यायचं तर संरक्षण, गृह, जहाजवाहतूक, सीमाशुल्क अशा अनेक दारांवर परवानगीसाठी थांबायचं. मधे पावसाळा लागला तर जून ते सप्टेंबर अरबी समुद्र काम करू देत नाही. भारतीय ध्वजाची दुरुस्ती-जहाजं आणि सुट्या केबलचे साठे देशात असावेत, परवानग्या एका खिडकीतून मिळाव्यात, केबलच्या कामाला अत्यावश्यक सेवेचा दर्जा द्यावा, हे ट्रायने सांगितलेलं आहे. किनाऱ्यापासून थोड्या अंतरापर्यंत आधीच केबल टाकून ठेवा, म्हणजे पुढे येणाऱ्या केबलला प्रत्येक वेळी किनारा खणावा लागणार नाही, हीसुद्धा एक चांगली सूचना त्यात आहे. सुट्या केबलचे साठे कशाला, हे वीजखात्याच्या माणसाला विचारा, जादा ट्रान्सफॉर्मर गोदामात ठेवण्याचं महत्त्व तो एका वाक्यात सांगेल.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, केबल खासगी कंपन्यांच्या आहेत, जहाजाचं त्या बघतील. सरकारने यात कशाला पडावं? हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण सरकारच्याच कामात आहे. चेन्नईहून अंदमान-निकोबारला जाणारी २,३१२ किलोमीटरची केबल सरकारने १,२२४ कोटी रुपये खर्चून टाकली. ऑगस्ट २०२० मध्ये तिचं उद्‌घाटन झालं. कोची ते लक्षद्वीप ही १,८६८ किलोमीटरची केबल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, खर्च १,०७२ कोटी. दोन्ही कामं उत्तम झाली, पोर्ट ब्लेअरच्या विद्यार्थ्याला आणि कवरत्तीच्या रुग्णाला त्याचा उपयोग झाला, याबद्दल मनापासून समाधान आहे. पण चार हजारांहून अधिक किलोमीटर केबल सार्वजनिक पैशातून समुद्रात उतरवणारा देश दुरुस्तीच्या जहाजासाठी दुसऱ्याच्या सवडीकडे पाहतो, हे विहीर खणून दोर शेजाऱ्याकडे मागण्यासारखं आहे. खासगी केबलचंही तेच. समृद्धी महामार्गावर गाड्या लोकांच्या खासगीच असतात, पण अपघात झाल्यावर क्रेन आणि ॲम्ब्युलन्स कोणाची, हा प्रश्न आपण गाडीमालकावर सोडत नाही.

दुसरा आक्षेप उपग्रहांचा. स्टारलिंकला भारतात २०२५ मध्ये परवाना मिळाला, आता समुद्र कशाला, असं तरुण मुलं विचारतात. मेळघाटातल्या आणि भामरागडमधल्या गावांसाठी उपग्रह हे वरदान ठरू शकतं, तिथे ते जरूर न्यावं. पण संपूर्ण देशाचा भार ते पेलणार नाही. आफ्रिकेभोवती फिरून मुंबईलाही येणारी ‘टूआफ्रिका’ ही ४५,००० किलोमीटरची एकच केबल घ्या. तिच्या मुख्य भागाची रचना सेकंदाला १८० टेराबिटपर्यंत डेटा वाहून नेण्यासाठी केलेली आहे. टोंगा या बेटांच्या देशाला जगाशी जोडणारी एकच केबल होती. जानेवारी २०२२ मध्ये समुद्रातल्या ज्वालामुखीने ती तोडली. उपग्रहांनी जमेल तेवढा आधार दिला, तरी दुरुस्ती-जहाजाने केबल जोडेपर्यंत, म्हणजे सुमारे पाच आठवडे, तो देश जवळजवळ मुका होता.

भारत टोंगा नाही. ट्रायच्या त्याच कागदपत्रांनुसार तेव्हा आपल्याकडे १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ लँडिंग स्टेशनांवर, म्हणजे केबल समुद्रातून जमिनीवर येते त्या केंद्रांवर, येत होत्या. पण आकड्यावर जाऊ नये, त्या येतात कुठे आणि जातात कुठून ते पाहावं. मुंबईत येणाऱ्या बहुतेक केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याच्या काही किलोमीटरांच्या पट्ट्यात वर येतात. आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या तांबड्या समुद्राच्या चिंचोळ्या गळ्यातून, इजिप्तमार्गे युरोपला पोचतात. तिथे घसा धरला की इकडे श्वास अडतो. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या, तेव्हा भारताची बाहेर जाण्याची क्षमता निम्म्याच्या आसपास घटली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने जखमी झालेलं ‘रुबीमार’ हे मालवाहू जहाज तांबड्या समुद्रात नांगर ओढत भरकटलं. तीन केबल तुटल्या, त्या बहुधा त्यामुळेच. युद्धाच्या सावटात तिथे दुरुस्ती-जहाज न्यायला महिने लागले. आणि २०२५ ची अनंत चतुर्दशी.

नागपूरच्या माणसाला हा गळा नवा वाटायला नको. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत प्रचंड जहाजाने मुंबई ते एडन तारेची केबल टाकली आणि पुढे सुएझमार्गे मुंबई थेट लंडनला जोडली गेली. तांब्याच्या तारेवर मलायातल्या झाडाचा चीक, गटापर्चा, गुंडाळलेली ती केबल. चार वर्षांच्या आत घडलेल्या या तीन गोष्टींनी विदर्भाचा कापूस लिव्हरपूलच्या बाजाराला बांधला. पूर्वी बोटीने आठवड्यांनी येणारा भाव आता तारेने येऊ लागला. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली ती याच जगात. आणि तारेचा भाव ज्याच्या हातात आधी पडतो, बाजार त्याच्या हातात राहतो, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागलं नाही. अडत्याला भाव कळलेला असायचा, बैलगाडी घेऊन आलेल्याला नसायचा.

म्हणून ‘समुद्रातल्या केबलशी आमचा काय संबंध’ हे वाक्य नागपूरच्या तोंडी शोभत नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ संबंध आहे, आणि वाटही तीच आहे. तार गेली, टेलिफोन आला, काच आली, पण केबल आजही एडनजवळून आणि सुएझजवळूनच जाते. इंग्रजांनी त्यांच्या सोयीने निवडलेल्या वाटेवरून आपण अजून उतरलेलो नाही. समुद्रातून युरोपला जवळची वाट तीच आहे, हे खरंच. पण जवळची वाट एकमेव ठेवायची का, हा निर्णय आपला आहे.

पर्यायी वाटा आखल्या जात आहेत. गूगलने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या एका केबलची आखलेली वाट मुंबईहून ओमानमार्गे जॉर्डनला जाते आणि पुढे जमिनीवरून इजिप्तला वळसा घालते. त्या केबलचं नाव ‘रामन’, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नावावरून. रामन अर्थखात्यात नोकरीला असताना १९१० मध्ये त्यांची बदली नागपूरला झाली होती. त्यांनी १९२८ मध्ये शोधलेला परिणाम आज काचेच्या तंतूतला मंदावलेला प्रकाश पुन्हा उजळण्यासाठी वापरतात. नागपूरच्या शाळांमधून विज्ञान दिनाला हे मुलांना सांगितलं जावं असं मला फार वाटतं. पण केबलला रामन यांचं नाव आहे म्हणून ती आपली होत नाही. आज केबल कुठून न्यायची हे मोठ्या प्रमाणात गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन ठरवतात. त्यांच्या पैशाला माझा विरोध नाही. पण वाट त्यांची आणि किनारा आपला, तर किनाऱ्यावर उतरू देताना आपण अटी घातल्या पाहिजेत. नवी केबल जुन्या केबलांच्या गर्दीतच उतरवायची नाही, ही पहिली अट. केबल तुटली तर ठरावीक तासांत तूट जाहीर करायची, ही दुसरी.

पहिल्या अटीपाशी नागपूरचं स्वतःचं काम सुरू होतं. नकाशा घ्या आणि पट्टी लावून मोजा. नागपूर ते मुंबई सरळ रेषेत साधारण ६८५ किलोमीटर आहे. नागपूर ते विशाखापट्टणम ५८० किलोमीटरच्या आत. आपल्याला सर्वांत जवळचा समुद्र अरबी समुद्र नाही, बंगालचा उपसागर आहे. मी हे आयुष्यात प्रथम मोजलं तेव्हा मलाही खरं वाटलं नाही. आमच्या मनाचा समुद्र मुंबईचाच. पण नागपूरकर भोसल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. १७५१ पासून १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत कटक त्यांच्याकडे होतं, बालासोरचा किनारा त्यांच्याकडे होता. नागपूरच्या राज्याला अर्ध्या शतकाहून अधिक काळ समुद्र होता, आणि तो पूर्वेचा होता.

आता विशाखापट्टणमला गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये मोठं डेटा केंद्र आणि समुद्री केबलचं प्रवेशद्वार उभारण्याची घोषणा केली आहे. चेन्नईहून सिंगापूरला जाणाऱ्या केबल तर वीस वर्षांपासून आहेत. मुंबईची बाजू अडली की पूर्वेची बाजू आपोआप उघडावी, यासाठी दोन्ही किनाऱ्यांना जोडणारे, एकमेकांपासून वेगळ्या वाटांनी जाणारे जाड तंतुमार्ग मध्य भारतातून जायला हवेत. त्याला नागपूरइतकी योग्य जागा नाही. झीरो माइलच्या खांबापाशी उभं राहून आपण देशाच्या मध्यावर असल्याचा अभिमान पाहुण्यांना सांगतो. रेल्वे इथे चारही दिशांना फुटते, महामार्ग इथे एकमेकांना छेदतात, विमानं डोक्यावरून जातात. डेटाची जंक्शनही इथेच हवी. आपल्या उद्योजकांच्या संघटना मिहानसाठी जमीन, वीज, पाणी मागतात. त्या यादीत ‘दोन समुद्रांकडे दोन स्वतंत्र वाटा’ ही मागणी मी आजवर वाचलेली नाही. ती पहिल्या पाचात असावी.

एवढं बोलून वर्सोव्याच्या कोळ्यांना विसरणं अन्याय होईल. केबल तुटण्याचं खापर मासेमारीवर फोडणं सोपं असतं, कारण आकडे तसे आहेत. पण कोळी तिथे केबलच्या कित्येक पिढ्या आधीपासून आहेत. त्यांच्या जाळ्यात केबल अडकली की नुकसान दोघांचं. १८८४ मध्ये पॅरिसला झालेल्या समुद्री तारकेबलच्या आंतरराष्ट्रीय करारातच एक शहाणपणाचं कलम आहे: केबल वाचवण्यासाठी ज्याने आपलं जाळं किंवा नांगर सोडून दिला, त्याला केबलच्या मालकाने भरपाई द्यावी. समुद्रविषयक आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्यानेही ते कलम कायम ठेवलं आहे. हे कलम मराठीत छापून प्रत्येक कोळीवाड्याच्या सोसायटीत लावलं आणि भरपाई वेळेवर मिळू लागली, तर केबलला कोळ्यासारखा राखणदार मिळणार नाही. ऑस्ट्रेलियाने सिडनी आणि पर्थजवळ केबलसाठी संरक्षित पट्टे आखले आहेत, तिथे नांगर टाकायला आणि जाळं ओढायला बंदी आहे. आपल्याकडे असे पट्टे आखायचे तर कोळ्यांना विचारून, त्यांच्या मासेमारीच्या जागा धरून आखावे लागतील.

मोठ्या जहाजांचं मात्र वेगळं. डिसेंबर २०२४ मध्ये ‘ईगल एस’ या टँकरने फिनलंडच्या आखातात मैलोन्‌मैल नांगर ओढत नेला आणि एक वीजकेबल व चार दूरसंचार केबल तोडल्या. फिनलंडने ते जहाज अडवलं, अधिकाऱ्यांवर खटला भरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने खटला चालवण्याचा अधिकारच आपल्याला नाही, असं सांगून तो निकाली काढला, कारण घटना देशाच्या सागरी हद्दीबाहेरची होती. फिनलंडसारख्या सावध देशाची ही गत. तोडणाऱ्याला शिक्षा होईल या भरवशावर बसता येत नाही, जोडणारा आपल्या बंदरात उभा असावा लागतो, असं मी म्हणतो ते यामुळे.

भाच्याच्या त्या सोमवाराकडे पुन्हा येतो. जर्मन साहेब समजूतदार होता, त्याने चार दिवस कामाची वेळ बदलून दिली. सगळ्यांचे साहेब तसे नसतात. घरून काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींकडे तिकडचा माणूस ‘यांच्याकडे नेट चालत नाही’ म्हणून पाहतो. ठेका दुसऱ्या देशात गेला तर त्यामागे तांबडा समुद्र होता, हे कोणी लिहून ठेवत नाही. जेद्दाजवळची तूट मला कळली ती परदेशी संस्थांच्या नोंदींमधून आणि कंपन्यांच्या निवेदनांमधून. आपल्या देशातल्या किती लोकांवर तिचा परिणाम झाला, वाहतूक कोणत्या बाजूने वळवली, दुरुस्ती कधी होणार, हे एका जागी, मराठीत किंवा हिंदीत, सामान्य माणसाला वाचायला मिळालं नाही. वीज गेली तर महावितरणचा संदेश मोबाइलवर येतो. पाणी बंद असलं तर महापालिका आदल्या दिवशी कळवते. देशाची बाहेरची वाट बंद झाली तर ‘वरून’ एवढंच.

दूरसंचार हा केंद्राचा विषय आहे, हे मला माहीत आहे. पण किनारा राज्याचा आहे, किनारी क्षेत्राच्या परवानग्यांमध्ये राज्याचा हात आहे, मासेमारी राज्याची आहे, समृद्धी महामार्ग राज्याने बांधला आहे. आणि दर डिसेंबरला राज्याचं विधिमंडळ हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात, आपल्या दारात येतं. विदर्भाचे आमदार तेव्हा कापूस, संत्री, अनुशेष यांवर बोलतात आणि बोललंच पाहिजे. यंदा त्यातल्या एकाने तरी हे तारांकित प्रश्न टाकावेत: वर्सोव्याच्या पट्ट्याबाहेर, रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर नव्या केबलसाठी जागा राज्याने पाहिली आहे काय? केबलसाठी जाळं सोडलेल्या किती कोळ्यांना भरपाई मिळाली? नागपूरहून मुंबईला आणि पूर्व किनाऱ्याला जाणारे तंतुमार्ग किती ठिकाणी एकाच खड्ड्यातून जातात? दुरुस्ती-जहाजासाठी राज्याने केंद्राकडे काही मागणी केली आहे काय, केली असल्यास कोणत्या तारखेला? आणि सप्टेंबर २०२५ मधल्या तुटीची नोंद राज्याच्या कोणत्या खात्याकडे, कोणत्या क्रमांकाने आहे?

तो क्रमांक मिळाला तर मी तो भाच्याला देणार आहे. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं ते पहिलं लेखी उत्तर असेल.